८×१० च्या प्रिंटमध्ये कडेची माणसं का कापली जातात आणि आता काय करता येईल

लॅबवाल्याशी भांडू नका, निदान या मुद्द्यावर तरी नको. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा ग्रुप फोटो, डीएसएलआरवर काढलेला, ४×६ ला सगळेच्या सगळे आले, मग तीच फाईल ८×१० ला दिली तर डावीकडचे काका खांद्यापासून गायब आणि उजवीकडच्या मावशी अर्ध्याच, लॅबवाला म्हणतो "मशीनच तसं घेतं", आणि ८×१० ची फ्रेम तर आधीच आणून ठेवलेली. वर फाईल २४ मेगापिक्सलची असताना असं का, हे तुम्ही दोनदा विचारलंय.

मेगापिक्सलचा इथे काहीएक संबंध नाही. ते ठरवतात प्रिंट किती मोठी काढली तरी फाटणार नाही, म्हणजे ठोकळे-ठोकळे दिसणार नाही. कापाकापी होते ती फोटोचा आकार आणि कागदाचा आकार जुळत नाही म्हणून. आकार म्हणजे लहान-मोठा नव्हे, लांबी आणि रुंदीचं प्रमाण. मोबाईलमधला कॅलक्युलेटर उघडा, मोठ्या बाजूला छोट्या बाजूने भागा. तुमची फाईल ६००० बाय ४००० पिक्सल असणार, म्हणजे दीड. ४×६ चा कागद, सहा भागिले चार, दीडच. म्हणून तिथे सगळे मावले. ८×१० चा कागद मात्र सव्वा. दीडचा फोटो सव्वाच्या कागदावर पांढरी जागा न सोडता भरायचा तर कुठेतरी कात्री लागणारच, लॅब कुठलीही असो.

नेमकं किती गेलं तेही बघा. ८ इंच उंची पूर्ण भरली की तुमचा फोटो १२ इंच रुंद होतो, कागद आहे १० इंचाचा, दोन इंच जास्तीचे, मशीन बरोबर मध्य धरून डावीकडून एक आणि उजवीकडून एक असा इंच उडवतं. पिक्सलमध्ये म्हणाल तर दोन्ही बाजूंना ५००-५००. एकूण फोटोचा सहावा हिस्सा! आणि ग्रुप फोटोत कडेला कोण असतं, तर माणसंच. डोंगराचा फोटो असता तर तुम्हाला पत्ताही लागला नसता.

दुसऱ्या प्रतिसादात तुम्ही लिहिलंय की भाच्याने कॉम्प्युटरवर "१० बाय ८ करून दिला" आणि सगळे मावले पण मामा भलतेच बारीक दिसतायत. त्याने क्रॉप नाही केलं (म्हणजे कडा कापल्या नाहीत), लांबी-रुंदीचं लॉक काढून फोटो दाबला. बारा इंचाचं दहात कोंबलं की प्रत्येक माणूस रुंदीला सहावा भाग कमी होतो. मामा खूश असतील, पण ती फाईल लॅबला देऊ नका, आजीचा चेहरा पण तसाच ओढल्यासारखा झाला असणार.

ही भानगड आली कुठून, तर जुन्या काळातून. मोठ्या कॅमेऱ्यांची शीट फिल्म ४×५ आणि ८×१० इंचाची असायची, तीच मापं कागदाला आणि फ्रेमला चिकटली ती आजतागायत. दीडचं प्रमाण आलं ३५ मिमी फिल्मवरून. जर्मन इंजिनिअर ऑस्कर बर्नाकने सिनेमाची फिल्म स्थिर कॅमेऱ्यात आडवी चालवली, सिनेमाची १८×२४ मिमीची चौकट दुप्पट करून २४×३६ केली, आणि १९२५ मध्ये त्याचा लायका कॅमेरा बाजारात आल्यावर हळूहळू सगळ्यांनी तेच धरलं. आज तुमच्या कॅनन, निकॉन, सोनीचा सेन्सर त्याच प्रमाणात आहे. मोबाईलचं ४:३ (चार भागिले तीन, साधारण १.३३) वेगळंच, ते जुन्या टीव्ही आणि कॉम्प्युटर स्क्रीनच्या वळणाचं. म्हणजे तीन वेगवेगळ्या घराण्यांची मापं एकाच काउंटरवर विकायला ठेवलीयेत आणि बोर्डावर फक्त इंच आणि किंमत लिहिलेली असते, कुठलं माप कोणाशी जुळतं ते कोणीच लिहीत नाही. माझा राग असलाच तर त्या बोर्डावर आहे.

तर लक्षात ठेवायचं एवढंच. कॅमेऱ्याच्या दीडच्या फोटोला ४×६, ६×९, ८×१२, १२×१८, १६×२४, २०×३० ही मापं न कापता बसतात. मोबाईलच्या ४:३ ला ६×८, ९×१२, १२×१६, १८×२४. आणि ८×१०, १२×१५, १६×२० ही सव्वाची मंडळी, यांना ना कॅमेरा पूर्ण जुळतो ना मोबाईल, पण मोबाईलचं नुकसान कमी होतं. ५×७ आणि ए४ मधेच कुठेतरी, दोघांचंही थोडं थोडं जातं. आपल्याकडे फ्रेमवाल्यांकडे १०×१२ पण खूप दिसते, ती कॅमेऱ्यासाठी सगळ्यात वाईट, फोटोचा पाचवा हिस्सा जातो, ग्रुप फोटोला ती घेऊच नका. लग्नाच्या अल्बमची १२×३६ ची शीट असते ना, तिचं अर्धं पान १२×१८, म्हणजे दीडच, म्हणून अल्बममध्ये पानभर लावलेले कॅमेऱ्याचे फोटो कापलेले वाटत नाहीत (मधल्या घडीत कोणाचा चेहरा आला तर ती डिझायनरची कृपा).

खाली एकांनी लिहिलंय "मोबाईलवर काढा, कटकट नाही", तर तसं नाहीये. मोबाईलचा ४:३ आडवा फोटो ४×६ ला दिलात तर ६ इंच रुंदी भरताना उंची साडेचार इंच होते, अर्धा इंच जातो, पाव वरून पाव खालून. म्हणजे आता कडेचे काका वाचतात पण मागच्या रांगेतल्या फेट्यांचे तुरे आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांचे पाय जातात. आणि मोबाईल १६:९ किंवा फुल स्क्रीन मोडवर असेल तर आणखी मजा, सेन्सर ४:३ चाच, १६:९ करताना मोबाईलने वर-खाली आधीच कापलेलं असतं, मग लॅब ४×६ करताना डावं-उजवं कापते. चारही बाजूंनी. मोबाईलवर प्रिंटसाठी फोटो काढताना सेटिंग ४:३ वरच ठेवा. (उभा फोटो असेल तर ते ३:४ असं दिसेल, एकच ते.)

आता तुमची केस. फ्रेम बदलायची तयारी असेल तर सरळ ८×१२ ची प्रिंट घ्या, विषय संपला. त्यातही मला आवडतं ते असं: ८×१२ ची प्रिंट, चारही बाजूंना दोन इंच माउंट (फोटोभोवती लावतात ती जाड पुठ्ठ्याची चौकट), आणि बाहेरून फ्रेम १२×१६ ची. आठ अधिक चार बारा, बारा अधिक चार सोळा, बरोबर तयार मापात बसतं, वेगळी फ्रेम बनवून घ्यावी लागत नाही. फ्रेमवाल्याला एवढंच सांगा की माउंटची खिडकी प्रिंटपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान काप, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते.

आणलेलीच फ्रेम वापरायची असेल तर लॅबला सांगायचा शब्द "फिट", "फिल" नाही. फिल म्हणजे कागद पूर्ण भरा, फोटो कापला गेला तरी चालेल, आणि बहुतेक ठिकाणी न सांगता हेच होतं कारण पांढरी पट्टी दिसली की गिऱ्हाईक परत घेऊन येतं. फिट म्हणजे फोटो अख्खा राहू दे, उरलेला कागद पांढरा. तुमचा फोटो ८×१० वर फिट केला तर १० इंच रुंद आणि पावणेसात इंचाला जरा कमी उंच येईल, वर-खाली पाऊण इंचाच्या आत-बाहेर पांढरं.

पण थांबा, इथे एक पाचर आहे जी लॅबवाला सांगत नाही, कारण ते त्याचं काम नाही. फ्रेमची ८×१० म्हणजे काचेचं माप. समोरची पट्टी काचेच्या कडेवर साधारण पाव इंच चढलेली असते. फिट केलेल्या प्रिंटमध्ये डावी-उजवी कड कागदाच्या टोकापर्यंत जाते, म्हणजे कापलं काहीच नाही तरी काकांचा खांदा पुन्हा पट्टीखाली! म्हणून नुसतं फिट नका म्हणू, "८×१० च्या कागदावर मधोमध ६×९ चा फोटो, बाकी पांढरं" असं मापासकट सांगा. ९×६ आडवा, डाव्या-उजव्या बाजूला अर्धा इंच, वर-खाली एकेक इंच. पट्टीने पाव इंच खाल्ला तरी चौकटीसारखं पांढरं उरतं आणि मुद्दाम केल्यासारखं दिसतं. अजून साधं हवं असेल तर तुमच्याकडे असलेली ४×६ चीच प्रिंट दोन इंचांचं माउंट लावून त्या ८×१० मध्ये बसवा, माप अगदी तंतोतंत जुळतं. फक्त पंचवीस-तीस माणसांच्या फोटोत ४×६ ला चेहरे वाटाण्याएवढे होतात आणि भिंतीवर लावला की आजीलाच चष्मा लावून जवळ जावं लागेल, त्यामुळे माझं मत ६×९ ला.

तिसरा मार्ग, बॅकग्राउंड वाढवणं. रुंदी तीच ठेवून उंची वाढवायची, ६००० बाय ४००० चं ६००० बाय ४८०० करायचं, वर ४०० पिक्सल मांडवाचं कापड आणि खाली ४०० पिक्सल सतरंजी. हल्ली एआयवाली टूल्स हे चुटकीसरशी करतात आणि साधं कापड, भिंत, आकाश असेल तर चांगलं करतात. पुढच्या रांगेतल्या पोरांचे पाय फ्रेमच्या काठाला कापलेले असतील तर मात्र नको, तिथे ते कोणाला सहावं बोट देईल सांगता येत नाही. आणि फक्त नवीन पट्टाच बनवून घ्या, "एन्हान्स" वगैरेला हात लावू नका, जुन्या माणसांच्या सुरकुत्या पुसल्या की ती माणसं ओळखू येत नाहीत.

क्रॉपच करायचं ठरलं तर ते घरी स्वतः करा, क्रॉप टूलमध्ये ५:४ निवडायचं आणि चौकट सरकवून बघायचं. मशीन मध्य धरतं, तुम्हाला तसं बंधन नाही. उजवीकडे खांब नि कूलर असेल तर हजारच्या हजार पिक्सल तिकडूनच घ्या. तुमच्या फोटोत दोन्हीकडे माणसं आहेत म्हणून हा मार्ग तुम्हाला नाही, पण बाकी फोटोंना उपयोगी पडेल. ऑनलाईन प्रिंट मागवताना पण तेच, प्रीव्ह्यूमध्ये चौकट बोटाने सरकवता येते, तसंच पुढे-पुढे दाबत जाऊ नका.

पुढच्या कार्यात फोटोग्राफरला आधीच सांगा की मोठी फ्रेम करायचीये, कडेला हवा सोड. दोन्हीकडे साधारण एका माणसाची जागा रिकामी राहिली की मग ८×१० काय नि १२×१५ काय, काही फरक पडत नाही. तुमची २४ मेगापिक्सलची फाईल १२×१८ ला सुद्धा इंचाला ३३३ पिक्सल देते, ३०० झाले तरी बास असतात, तेव्हा थोडं मागे सरकून काढल्याने दर्जा जाईल ही भीती नको.

आणि फाईल लॅबला वॉट्सॅपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते बारीक करून टाकतं. सोबत मेसेजमध्ये लिहा: "कागद ८×१० ग्लॉसी, फोटो आडवा ९×६ मधोमध, क्रॉप नको, ऑटो करेक्शन नको." फोनवर सांगितलेलं काउंटरवरचा मुलगा विसरतो, लिहिलेलं असलं की प्रिंट चुकली तर ती त्यालाच पुन्हा काढून द्यावी लागते.