तुकडा काढला की गाठ चाळवते का?

प्रश्न: डॉक्टर, माझे सासरे ५८ वर्षांचे आहेत, तंबाखू-चुना मळून उजव्या गालात धरायची जुनी सवय. दोन महिने झाले तिथेच पांढरा चट्टा आलाय, मध्ये थोडं लाल, तिखट लागलं की झोंबतं. दातांच्या डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला सांगितलं, पण शेजारच्या काकू म्हणाल्या हात लावला की गाठ चाळवते, त्यांच्या दिरांचं तसंच झालं म्हणे. आता सासरे तयारच होत नाहीत. स्कॅनवर भागणार नाही का?
– एक सून, सातारा जिल्हा

उत्तर: काकूंच्या दिरांचं नेमकं काय झालं मला माहीत नाही, पण असले किस्से मी कायम ऐकते आणि बहुतेक वेळा गोष्ट एकच असते, आजार आधीच वाढलेला असतो, तुकडा काढल्यावर त्याचं नाव कळतं आणि सगळं खापर त्या तुकड्यावर फुटतं. बायोप्सीमुळे तोंडाचा कॅन्सर पसरत नाही, महिनोन्‌महिने थांबल्यामुळे मात्र वाढतो.

स्कॅनमध्ये आजार किती खोल गेलाय, जबड्याचं हाड, मानेतल्या गाठी हे दिसतं. पेशी बिघडल्यात का ते नाही दिसत, आणि असा पातळ चट्टा तर स्कॅनवर कित्येकदा उमटतच नाही.

करतात काय, तर बाजूला भुलीचं इंजेक्शन देऊन तांदळाच्या एकदोन दाण्यांएवढा तुकडा घेतात, एखादा टाका, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तुम्ही लिहिलंय मध्ये लाल आहे, ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा, कारण पांढऱ्यापेक्षा लाल भागात गडबड सापडायची शक्यता जास्त असते. नुसत्या पांढऱ्यातून घेतला तर रिपोर्ट साधा येऊ शकतो आणि सगळे उगाच निश्चिंत होतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि हो, तुकडा लॅबला तुम्हीच न्यायचा असेल तर फॉर्मॅलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतूनच न्या, फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. एकदा एक मुलगा साध्या पाण्याच्या बाटलीत तुकडा घेऊन आला होता, तोही दुसऱ्या दिवशी, पेशी फुगून पार विरघळल्यासारख्या झालेल्या, मी डोकं धरून बसले. बिचाऱ्या वडिलांना परत टोचून घ्यावं लागलं.

पुढे लॅबमध्ये आम्ही तो तुकडा मेणात बसवून ४-५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकत्या काढतो, रंगवतो, पेशींची केंद्रकं जांभळी नि बाकीचं गुलाबी. रिपोर्टमध्ये 'डिस्प्लेसिया' दिसलं तर तो कॅन्सर नव्हे, पेशींची चाल बिघडलीय, पण त्या अजून वरच्या थरातच आहेत. थर फोडून खाली उतरल्या तर कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. रिपोर्ट साधा आला आणि चट्टा तरी वाढतच राहिला, तर परत तुकडा घ्यायला सांगा, त्यात डॉक्टरांना राग यायचं कारण नाही.

तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड (चकत्या लावलेल्या काचा) लॅबकडून मागता येतात. पुढे मोठ्या हॉस्पिटलला जायची वेळ आली तर तिथे पहिल्यांदा तेच मागतात.