ओव्हरक्लॉक केल्यावर प्रोसेसर जळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, डब्यात आलेलाच पंखा, राहायला कोल्हापुरात. पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचाय, तर प्रोसेसर जळेल का आणि किती वाढवू?

जळणार नाही. तापमान ९५ अंशांच्या आसपास गेलं की तो स्वतःच वेग उतरवतो. व्होल्टेज बेसुमार चढवलंत तर मात्र आयुष्य घटतं, आणि ते नुकसान वॉरंटीत बसत नाही. पण मला पहिल्या वेळी फटका बसला तो जळण्याचा नव्हताच.

वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. २०१५ साली आमच्याकडे पेंटियम जी३२५८ प्रोसेसर होता. पेंटियम नावाला वीस वर्षं झाली म्हणून इंटेलने २०१४ मध्ये काढलेला, दोन कोरचा, ३.२ गिगाहर्ट्झचा, स्वस्तातला. आणि मुख्य म्हणजे मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) खुला, म्हणजे बदलता येणारा. मी ३२ चा आकडा ४४ केला, व्होल्टेज १.३० दिलं. विंडोज आलं, गेम चालली. ४.४ गिगाहर्ट्झ! मित्रांना फोन करून सांगितलं, नाद खुळा मशीन झालीया.

त्याच मशीनवर वडिलांची बिलं व्हायची. ऐन मार्चअखेरीला हिशेबाची फाइल उघडेना. पेनड्राइव्हवरचा बॅकअप पंधरा दिवसांपूर्वीचा. मधली सगळी बिलं मी बिलबुकाच्या कार्बन कॉप्यांवरून पुन्हा टाइप केली. वडील शेजारी चहा पीत बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर प्राइम९५ (प्रोसेसरकडून अखंड जड गणितं करून घेणारा प्रोग्रॅम) लावलं, जे पहिल्याच दिवशी लावायला हवं होतं. अकराव्या मिनिटाला त्यातला गणित करणारा एक वर्कर थांबला. एररचा मतलब असा: राउंडिंगची चूक ०.५ आली, ०.४ च्या आत हवी होती. म्हणजे मशीन सुरू, पंखा फिरतोय, स्क्रीनवर सगळं झकास, आणि आत गणित चुकतंय. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "लेथचा स्पीड वाढवला म्हणून लेथ मोडतोय व्हय रं लगीच? आधी माप जातंय. जॉब दिसायला चांगलाच दिसतोय, मायक्रोमीटर लावल्यावर कळतंय."

तेव्हा तुम्हीही मायक्रोमीटर आधी लावा. तापमान आणि व्होल्टेज बघायला एचडब्ल्यूइन्फो, झटपट चाचणीला सिनेबेंच, आणि खऱ्या परीक्षेला प्राइम९५ किंवा ओसीसीटी, निदान काही तास. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसतात का ते बघत चला. मशीन बंद न पडता तिथे नोंद पडत असेल, तर माप जायला लागलंय असं समजा. आणि कामाच्या फायली आधीच दुसरीकडे काढून ठेवा, हे मी वेगळं सांगायला नको.

बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) व्होल्टेज ऑटोवर सोडू नका; बरेच बोर्ड भीतीपोटी गरजेपेक्षा जास्त देतात. हाताने ठरावीक आकडा द्या. तुमच्या प्रोसेसरला, आणि त्या पंख्यावर, मी स्वतः १.३ च्या वर जाणार नाही. मग रेशो, म्हणजे तोच मल्टिप्लायर, ४० पासून पाव-अर्ध्याने चढवत न्यायचा, प्रत्येक पायरीला चाचणी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बिघडलं कशामुळे तेच कळत नाही. स्क्रीन आलीच नाही तरी घाबरू नका: प्लग काढून बोर्डावरच्या सीएमओएस क्लिअरच्या दोन पिना क्षणभर जोडा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या जातात, किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवा. सगळं मूळ जागी येतं.

आता कडू भाग. ३६०० आधीच स्वतःला ताणून चालतो: बेस (किमान ठरलेला वेग) ३.६, बूस्ट (आपोआप चढणारा कमाल वेग) ४.२ गिगाहर्ट्झ. सगळे कोर कामाला लावले तरी तो साधारण ४ च्या आसपास असतो. तुम्ही सगळे कोर ४.२ वर बांधलेत तर मिळाले पाच टक्के. त्यासाठी समजा व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. विजेचा खप वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे पाच टक्के वेगासाठी सुमारे एक तृतीयांश जास्त उष्णता. डब्यातल्या पंख्याला हा व्यवहार झेपत नाही. आणि ४.१ वरच बांधून ठेवलात, तर एकाच कोरचं काम असताना आपोआप मिळणारा ४.२ चा बूस्टही गेला. जी३२५८ मध्ये ३.२ वरून ४.२ म्हणजे तीस टक्क्यांची उडी होती. ते दिवस वेगळे.

चाचणी मे महिन्यात भर दुपारी घ्या. मी डिसेंबरच्या रात्री दोन वाजता घेऊन खूश व्हायचो. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. थंडीत ७५ दाखवणारा उन्हाळ्यात नव्वदीला भिडतो. उद्यमनगरासारख्या भागात राहत असाल तर आधी पंख्यातली फाउंड्रीची धूळ काढा, प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली पेस्ट बदला. कधीकधी तेवढ्यानेच बूस्ट सुधारतो. बायोस अपडेट करायचं असेल तर यूपीएसवरच, आणि वळवाच्या दिवसांत तर नकोच.

खरा फायदा तुम्हाला बहुधा रॅममध्ये मिळेल. ३६०० ला डीडीआर४ ३२०० चालते, पण ३२०० ची रॅम घेऊनही बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या लेबलवरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू केलं नाही तर ती २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. असं वर्षानुवर्षं चाललेलं मी दोन-तीन मित्रांकडे बघितलंय. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड दिसतो. तो आकडा आणि रॅमच्या लेबलवरचा आकडा, दोन्ही खाली लिहा, मग पुढचं सांगतो.