डिस्ट्रिब्युटर घरी बदलावा का? आधी नोंदणीचे पैसे बाजूला काढा

कोल्हापूरच्या एका शिक्षक वाचकांचा प्रश्न : "वडिलांनी घेतलेली 1996 ची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आहे. वर्षाला जेमतेम दीड हजार किलोमीटर चालते. हल्ली ती मिसिंग करते (मध्येच ठिणगी चुकते) आणि चढावर दम टाकते. गॅरेजवाल्यांनी डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक स्पार्क प्लगला क्रमाने ठिणगीचा करंट पोहोचवणारा भाग) बदलण्याचे 8,000 रुपये सांगितले, त्यांत 2,000 मजुरीचे. तोच भाग ऑनलाइन 4,800 रुपयांना मिळतो आणि टायमिंग लाइटसह (ठिणगी नेमक्या वेळी पडते का हे दाखवणाऱ्या दिव्यासह) हत्यारे 3,500 रुपयांना येतील. हत्यारे कायमची राहणार, म्हणून काम घरीच करावे असा विचार आहे. गाडीसाठी दरमहा 1,000 रुपयांची आवर्ती ठेव चालू असून तीत 14,000 रुपये जमले आहेत. ऑगस्ट 2026 मध्ये नोंदणी संपते, त्याच सुमारास 4,000 रुपयांचा विमाही भरायचा आहे. हा खर्च योग्य ठरेल का?"

आपला हिशेब वरवर पाहता बरोबर आहे. भागात 1,200 आणि मजुरीत 2,000 असे 3,200 रुपये वाचतात व हत्यारांना 3,500 लागतात. म्हणजे 300 रुपये जादा देऊन हत्यारे घरात राहतात. परंतु पत्राच्या शेवटी आपण जाता जाता ज्या नोंदणीचा उल्लेख केला आहे, तिथूनच खरे तर सुरुवात करायला हवी होती. 20 वर्षांहून जुन्या खासगी मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये 5,000 वरून 10,000 रुपये केले आहे आणि उशीर झाल्यास दर महिन्याला 500 रुपये वेगळे भरावे लागतात. ऑगस्टला पाच महिने आहेत असे धरले, तर ठेवीत तोपर्यंत 19,000 रुपये होतील. त्यांतून नूतनीकरणाचे 10,000 आणि विम्याचे 4,000 वजा केले की 5,000 उरतात, आणि त्यांतच पर्यावरण कर व तपासणीपूर्वीची दिवे-ब्रेकची किरकोळ कामे भागवायची आहेत. या 5,000 मध्ये घरचे (भाग आणि हत्यारे मिळून) 8,300 रुपयांचे काम बसत नाही आणि गॅरेजचे 8,000 रुपयांचे कामही बसत नाही. त्यामुळे काम घरी करावे की गॅरेजमध्ये, यापेक्षा संपूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलण्याची गरज आहे का, हा प्रश्न पैशाच्या दृष्टीने मोठा आहे.

त्याचे उत्तर फुकट मिळू शकते. डिस्ट्रिब्युटरची कॅप (वरचे झाकण) काढून आतून उजेडात पाहावी; पितळी टोकांवर पांढरट-हिरवट थर किंवा दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथूनच गळतो आहे. मग रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) अंगठ्याने आडवा दाबून त्याखालचा शाफ्ट, म्हणजे दांडा, हलतो का ते पाहावे. शाफ्ट डुगडुगत असेल आणि त्यासरशी पॉइंटमधली (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कामधली) फट कमी-जास्त होत असेल, तर बुश (शाफ्टला आधार देणारी कडी) झिजले आहे. अशा वेळी पॉइंट कितीही नीट लावला तरी टायमिंग स्थिर राहणार नाही आणि पूर्ण डिस्ट्रिब्युटर घेणेच शहाणपणाचे. शाफ्ट घट्ट असेल तर कॅप, रोटर, पॉइंट आणि कंडेन्सर एवढेच बदलावे. या चार वस्तूंचा भाव बाजारातून घ्यावा. तो नव्या डिस्ट्रिब्युटरच्या तुलनेत फारच कमी निघेल. बुश झिजले नसताना 4,800 रुपये घालणे म्हणजे बटण तुटले म्हणून नवा सदरा शिवणे होय.

हत्यारांबाबतही तसेच. पॉइंटची फट मोजायला फीलर गेज हवा, त्यात काटकसर नको. पण टायमिंग लाइट आत्ता घेऊ नये. पहिल्या नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून, पुलीवरची खूण गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंशावर जुळवावी आणि पॉइंटचे टर्मिनल व अर्थ (गाडीचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये 12 व्होल्टचा साधा दिवा जोडावा. इग्निशन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटरची बॉडी हळूहळू फिरवली, की ज्या क्षणी दिवा लागतो तिथे पॉइंट उघडतो, आणि तिथेच बॉडी आवळायची. आपली गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर चालते. ट्यूनिंग दर पाच हजार किलोमीटरला धरले तरी ते तीन-साडेतीन वर्षांतून एकदाच येणार. एवढ्या कमी वापरासाठी महाग हत्यारात पैसे अडकवण्यात मला अर्थ दिसत नाही. (छंद म्हणून घ्यायचे असल्यास अवश्य घ्यावे, मात्र ते घरखर्चातल्या छंदाच्या रकान्यातून.)

चूक झाली तर किती भुर्दंड पडेल, हेही पाहिले पाहिजे. सिलिंडरांना ठिणगी देण्याचा 1-3-4-2 हा क्रम सांभाळून वायरी न लावल्या, किंवा पिस्टन कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टला वर असताना रोटर बसवला, तर गाडी सुरू होणार नाही किंवा कार्ब्युरेटरमधून फटाका मारेल; त्यात एखादा रविवार जाईल, पैसा फारसा जाणार नाही. याउलट टायमिंग जास्त ॲडव्हान्स राहिले, म्हणजे ठिणगी फार आधी पडू लागली, तर गाडी झोकात चालते आणि चढावरच्या खडखडाटाकडे दुर्लक्ष झाले की पिस्टनला इजा होऊ शकते. ते काम आपल्या ठेवीच्या आवाक्यातले नाही. म्हणून काम घरी करावे, पण नंतर गॅरेजमध्ये टायमिंग लाइट लावून तपासून घ्यावे आणि त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. दुसऱ्याने उघडलेल्या कामाला हात लावायला अनेक मिस्त्री नाखूष असतात, तेव्हा हे सुरुवातीलाच विचारून ठेवलेले बरे.

ठिणगी चुकत राहिली तर न जळलेले पेट्रोल धुरातून बाहेर जाते आणि पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. त्यामुळे ही दुरुस्ती नोंदणीच्या तपासणीआधीच उरकावी, पुढे ढकलू नये.

बुश खरोखरच झिजलेले निघाले, तर ठेव मोडू नये व क्रेडिट कार्डाचे हप्तेही करू नयेत. पुढील पाच महिने ठेवीखेरीज दरमहा आणखी 1,000 रुपये वेगळे बाजूला टाकले तर ऑगस्टपर्यंत 5,000 रुपये जादा जमतात आणि त्यांतून डिस्ट्रिब्युटरची सोय होते. तो मात्र ऑनलाइन न घेता स्थानिक दुकानातून घ्यावा. इलेक्ट्रिकल भाग बसवल्यानंतर सहसा परत घेतले जात नाहीत, म्हणून जुना डिस्ट्रिब्युटर सोबत नेऊन शाफ्टची लांबी व खालचे दाते दुकानातच ताडून पाहावेत आणि न बसल्यास बदलून मिळेल असे बिलावर लिहून घ्यावे. त्यासाठी थोडे जास्त मोजावे लागले तरी चालेल.