ती घातकी, की सांगणारा घाबरलेला?

वाचकांचे प्रश्न, साहित्य विभागाची उत्तरं

(गेल्या अंकानंतर ‘फेम फताल’, म्हणजे पुरुषाला मोहात पाडून त्याचा घात करणारी स्त्री, या पात्राबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. ओघात काही कादंबऱ्यांचे शेवट उघड झाले आहेत, याची नोंद घ्यावी.)

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी मी गिलियन फ्लिन यांची ‘गॉन गर्ल’ घेतली आहे. मार्गदर्शक विचारतात, बलात्काराचा खोटा आरोप करणारी आणि खून करणारी एमी स्त्रीवादी नायिका कशी? मला उत्तर सुचत नाही.
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : एमीला नायिका ठरवण्याचं ओझं तुम्ही घेऊच नका. स्त्रीवादी वाचन म्हणजे पात्राला चारित्र्याचा दाखला देणं नव्हे. एमीबद्दल आपल्याला कोण सांगतं, कधी सांगतं आणि त्यातून कुणाचं काय साधतं, हा प्रबंधाचा प्रश्न ठेवा. मग कादंबरीची बांधणीच तुमचा पुरावा होईल.

२०१२ साली आलेल्या या कादंबरीचे तीन भाग आहेत. एमी बेपत्ता होते आणि संशय तिच्या नवऱ्यावर, निकवर येतो. पहिल्या भागात निकचं निवेदन आणि एमीची डायरी आलटून पालटून येतात. डायरीतली बायको प्रेमळ आहे, समजूतदार आहे आणि पुढे पुढे नवऱ्याला भिऊ लागलेली आहे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच कळतं, की ही डायरी पोलिसांच्या हाती पडावी म्हणून एमीनंच रचली होती. वाचकाला ज्या बाईची दया आली, ती मुळात नव्हतीच. इथे थोडं थांबा आणि पहिला भाग पुन्हा वाचा. आपल्याला कोणत्या तपशिलांनी पटवलं, त्यांची यादी करा: तिचा पडता सूर, नवऱ्याच्या चुकांवर तिनं घातलेलं पांघरूण, तिचं घाबरणं. बाई कशी असली की तिच्यावर विश्वास बसतो, याचा समाजाच्या मनातला नमुना एमीला पाठ आहे, हे या यादीतून दाखवता येतं.

‘कूल गर्ल’चा प्रसिद्ध उतारा याच वळणावर येतो. कधी न चिडणारी, पुरुषांच्या सगळ्या आवडी आपल्याच असल्याचं दाखवणारी मुलगी हे एक सोंग आहे, असं एमी तिथे सांगते. बहुतेक प्रबंधांत हा उतारा जाहीरनाम्यासारखा उद्धृत होतो आणि विवेचन तिथेच संपतं. ही सर्वांत मोठी चूक. त्या उताऱ्यात पुरुषांइतकाच तिरस्कार ते सोंग घेणाऱ्या बायकांच्याही वाट्याला येतो, आणि एमीनं स्वतः ते वठवलेलं आहे. शिवाय बोलणारी व्यक्ती खोटं बोलण्यात तरबेज आहे, हे आपल्याला नुकतंच कळलेलं असतं. उतारा घ्या, पण या तिन्ही गोष्टींसकट घ्या.

पैशाचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडा. ‘डबल इन्डेम्निटी’ या १९४४च्या चित्रपटात फेम फताल असलेल्या फिलिसला नवऱ्याच्या विम्याची रक्कम हवी असते. रेल्वे अपघातात मृत्यू आला तर ती दुप्पट मिळणार असते. ‘गॉन गर्ल’मध्ये पैसा एमीचाच आहे. तिच्यावरून ‘अमेझिंग एमी’ नावाची मुलांची पुस्तकं लिहून आईवडिलांनी तो कमावला, त्यातला बराचसा पुढे स्वतःच्या अडचणीसाठी परत घेतला, आणि उरलेल्यातून निकनं गावी बार काढला. जुन्या कथेतली लोभी बाई इथे इतरांच्या उपयोगाची तिजोरी झाली आहे. तिचा राग समजून घ्यायला हा हिशेब ‘कूल गर्ल’च्या उताऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं आमचं मत आहे.

शेवटांची तुलनाही करा. १९३४पासून हॉलिवूडमध्ये निर्मितीसंहिता कडकपणे लागू झाली. गुन्हेगाराला शासन झालंच पाहिजे, हा तिचा दंडक होता. त्यामुळे फिलिसला मरावंच लागलं. एमी मरत नाही. ती घरी परतते, गरोदर राहते आणि जिंकते. पण जिंकून तिला मिळतं काय, तर तेच लग्न आणि तेच सोंग.

मार्गदर्शकांचा आक्षेप मात्र खरा आहे, तो तळटीपेत ढकलू नका. खोट्या आरोपासाठी एक पूर्ण प्रकरण ठेवा आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या करा: पात्रानं काय केलं, कादंबरीनं त्या कृत्याला कुठे बसवलं, आणि ‘बायका खोट्या तक्रारी करतात’ असं म्हणणारे लोक या कथेचा काय उपयोग करतात. या तिन्हींची सरमिसळ झाली, की प्रबंध एक तर एमीचं वकीलपत्र होतो, नाही तर फ्लिन यांच्यावरचं आरोपपत्र.

प्रश्न : या विषयावरचं सिद्धान्त-लेखन कोणत्या क्रमानं वाचावं?
– प्राध्यापक, नांदेड

उत्तर : आधी ई. अ‍ॅन कॅप्लन यांनी संपादित केलेल्या ‘विमेन इन फिल्म न्वार’ (१९७८) या संग्रहातला (‘फिल्म न्वार’ म्हणजे ‘डबल इन्डेम्निटी’सारखे काळोखे गुन्हेपट) जेनी प्लेस यांचा लेख वाचा. शेवटी ती मेली तरी प्रेक्षकाच्या लक्षात राहतं ते तिचं सामर्थ्य, हे त्यांचं म्हणणं विद्यार्थ्यांना लगेच उमजतं. मग लॉरा मल्व्ही यांचा १९७५चा पुरुषी नजरेवरचा निबंध. त्यानंतर मेरी अ‍ॅन डोन यांचं १९९१चं पुस्तक. फेम फताल ही स्त्रीवादाची नायिका नसून स्त्रीवादाविषयीच्या पुरुषी भीतीचं लक्षण आहे, ही त्यांची मांडणी कोल्हापूरच्या विद्यार्थिनीलाही उपयोगी पडेल. हे सगळं लेखन चित्रपटांबद्दल आहे, हे विसरू नका. कादंबरीत कॅमेरा नसतो. मल्व्ही जिथे ‘नजर’ म्हणतात तिथे निवेदकाची भाषा तपासावी लागते. तसं न करता संज्ञा नुसत्या उचलल्या, तर विवेचन हवेत राहतं.

प्रश्न : आमच्या वाचनगटानं ओयिंकन ब्रेथवेट यांची ‘माय सिस्टर, द सीरियल किलर’ निवडली आहे. चर्चा ‘अयूला विकृत आहे’ याच्यापुढे सरकत नाही.
– वाचनगट, पुणे

उत्तर : कादंबरी छोटी आहे, प्रकरणंही लहान आहेत; दोन बैठकींत होईल. पहिल्या बैठकीत अयूलाबद्दल बोलायचंच नाही, फक्त कोरेडेबद्दल बोलायचं. निवेदक ती आहे. लागोसच्या रुग्णालयात ती परिचारिका आहे, आणि धाकट्या बहिणीनं, म्हणजे अयूलानं, तिसरा प्रियकर मारल्यावर ब्लीचनं फरशी पुसणारीही तीच आहे. प्रत्येकानं दोन रंगांच्या पेन्सिली आणाव्यात: कोरेडे बहिणीच्या रूपाबद्दल बोलते तिथे एक, आणि स्वतःच्या रूपाबद्दल बोलते तिथे दुसरी. रंगवलेली पानं शेजारी शेजारी ठेवली, की सुंदर बहिणीचं चित्र किती भागात मत्सरानं आणि किती भागात मायेनं काढलंय ते दिसू लागतं.

दुसऱ्या बैठकीत पुरुष घ्या. कोरेडेला आवडणारा डॉक्टर ताडे अयूलावर भाळतो, पण तिच्यात काय आवडलं असं विचारल्यावर तिच्या रूपापलीकडे त्याला फारसं काही सांगता येत नाही. तिला कुणी नीट पाहिलेलंच नाही, आणि तिला मोकळं रान मिळतं ते त्यामुळेच. बापाचा प्रसंग शेवटी घ्या. मुलींना मारहाण करणारा बाप, आणि त्याचाच सुरा आता अयूलाच्या हातात. हा प्रसंग आधी घेतला, तर गट ‘बालपणी त्रास झाला म्हणून अशी झाली’ इथे स्थिरावतो आणि पुस्तक एका निदानात संपून जातं. बापाची हिंसा हे कारण आहे, पण ती खुनांची माफी नाही. लेखिकेनं हे दोन्ही एकत्र पेललं आहे, गटालाही पेलता येईल.

प्रश्न : आपली विषकन्या म्हणजे फेम फतालच ना?
– वाचक, मडगाव

उत्तर : पूर्णपणे नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त नंदांचा अमात्य राक्षस (हे त्याचं नाव) यानं चंद्रगुप्तासाठी पाठवलेली विषकन्या चाणक्य चंद्रगुप्ताचा मित्रराजा पर्वतक याच्याकडे वळवतो आणि पर्वतक मरतो. हे सारं नाटकाआधी घडून गेलेलं आहे. ती रंगमंचावर येत नाही, तिला नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. ती दोन अमात्यांच्या डावातलं हत्यार आहे. फेम फतालला निदान स्वतःची इच्छा असते. तिनं काय मागितलं असतं, ही विषकन्येची न लिहिलेली बाजू आजच्या लेखिकांना खुली आहे.

प्रश्न : माझ्या रहस्यकथेत नायक निवेदक आहे आणि एक बाई त्याला फसवते. ‘पात्र साचेबद्ध’ असा शेरा मारून कथा परत आली. निवेदक बदलू का?
– नवी लेखिका, डोंबिवली

उत्तर : गरज नाही. डाफ्नी द्यु मोरिए यांची ‘माय कझिन रेचेल’ (१९५१) समोर ठेवा. सगळी कथा फिलिप सांगतो. रेचेलनं आपल्या नवऱ्याला, म्हणजे फिलिपच्या चुलत भावाला, अ‍ॅम्ब्रोजला, विष दिलं की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. आजारी अ‍ॅम्ब्रोजची संशयानं भरलेली पत्रं आणि विषारी लॅबर्नमच्या बिया तिच्या विरोधात जातात. पण अ‍ॅम्ब्रोजनं तिच्या नावे केलेल्या मृत्युपत्रावर सही नव्हती, आणि फिलिपनं दिलेल्या इस्टेटीला ‘पुनर्विवाह केल्यास परत’ अशी अट होती, हेही पानांवर आहे. शेवटी बागेतला पूल धोक्याचा आहे हे ठाऊक असून फिलिप तिला सावध करत नाही. मरते ती, आणि गप्प राहिलेला असतो तो.

तुमच्या कथेवर हेच करून पाहा. निवेदकानं त्या बाईसाठी वापरलेली सगळी विशेषणं अधोरेखित करा. ओठ, चाल, डोळे, आवाज यांवरची निम्मी काढा आणि तिथे ती काय करते ते लिहा: हिशेब तपासते, भाडं थकलंय, बहिणीला पैसे पाठवते. नायकाशी संबंध नसलेली एक गरज तिला द्या आणि ती दुसऱ्याच पानावर दिसू द्या, म्हणजे नंतर सबब वाटणार नाही. मग निवेदकाच्या सांगण्याशी न जुळणाऱ्या दोन-तीन वस्तू पेरा: पावती, चिठ्ठी, शेजारणीचं एखादं वाक्य. त्या त्यानं पाहाव्यात, पण त्यांचा अर्थ त्याला लागू नये. चारपेक्षा जास्त पेरल्या, तर वाचक त्याला मूर्ख ठरवतो आणि ताण जातो. सर्वांत शेवटी तिच्या संवादांपुरतं हस्तलिखित वाचा. ती फक्त त्याच्या प्रश्नांना उत्तरं देत असेल, तर निदान एका प्रसंगात पहिला प्रश्न तिला विचारू द्या.