बिटकॉइनमध्ये पेमेंट घेतलं तर कुणाला कळतं?

प्रश्न: मी भांडुपला राहतो, वेबसाइट बनवायची फ्रीलान्स कामं करतो. परदेशातला एक क्लायंट म्हणतोय पेमेंट बिटकॉइनमध्ये घे. लोकलमधला आमचा ग्रुप म्हणतो बिनधास्त घे, त्यात नावगाव काही नसतं, कुणाला पत्ता लागत नाही. खरंय का?

उत्तर: नाव नसतं एवढंच खरं, पुढचं चूक आहे, आणि हे कळकळीने सांगतोय कारण याच भरवशावर लोक अडकतात.

बिटकॉइनचा २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार उघड्या वहीत आहे, कोणीही मोबाइलवर ब्लॉक एक्सप्लोरर, म्हणजे ही वही दाखवणारी वेबसाइट, उघडून बघू शकतं, लॉगिन लागत नाही आणि नोंद पुसताही येत नाही. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नावाऐवजी फ्लॅट नंबर टाकून सगळ्यांचा हिशोब लावावा तसं. एकदा फ्लॅट कुणाचा ते कळलं की मागचापुढचा सगळा हिशोब वाचता येतो.

आणि सगळ्यात आधी कळतं क्लायंटलाच, ॲड्रेस, म्हणजे बिटकॉइन घ्यायचा खात्यासारखा नंबर, तुमचा तो फ्लॅट नंबरच, तुम्हीच दिलाय ना त्याला! त्याच ॲड्रेसवर दुसऱ्या कोणाचं पेमेंट आलं तर तेवढी रक्कमही हा बघणार, मग रेटवरून घासाघीस सुरू. बरं, दरवेळी नवा ॲड्रेस दिलात, तो द्याच, पण समजा एकावर ०.०३ आणि दुसऱ्यावर ०.०२ बिटकॉइन आलेत आणि तुम्हाला ०.०४ पाठवायचेत, तर वॉलेट, म्हणजे बिटकॉइन सांभाळायचं ॲप, दोन्ही एकत्र करून पाठवतं आणि फी जाऊन उरलेले सुट्टे तुमच्याच तिसऱ्या ॲड्रेसवर येतात, की बघणाऱ्याला अंदाज आलाच, तिन्ही एकाच माणसाचे. चेनॅलिसिससारख्या कंपन्यांचा धंदाच हे धागे जोडायचा आहे.

मग रुपये करायला एक्सचेंजवर, म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री होते त्या कंपनीकडे, गेलात की पॅन, आधार, बँक खातं सगळं द्यावं लागतं. मार्च २०२३ पासून एक्सचेंजेस मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आहेत, आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, तोही तुमच्या पॅनवर.

बिटफिनेक्स एक्सचेंजवरून २०१६ मध्ये जवळजवळ १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. ते फिरवायला चोरांनी नाना खटपटी केल्या, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक नवरा-बायको पकडले गेले आणि ९४ हजारांच्या वर बिटकॉइन जप्त झाले. साडेपाच वर्षांनी!

मोनेरो नावाचं दुसरं क्रिप्टो चलन वेगळं, त्यात पाठवणारा, घेणारा, रक्कम तिन्ही झाकलेलं असतं आणि माग काढणं खरंच अवघड जातं. पण ते विकायला जागा कमी होत चालल्यात, बायनान्स या मोठ्या एक्सचेंजने २०२४ मध्ये काढूनच टाकलं. आणि रुपये करताना केवायसी आलीच.

तुमचं काम सरळ आहे, मग लपवायचं कशाला? क्लायंटला बँकेतूनच पाठवायला सांगा. तो अडूनच बसला तर आधी सीएशी बोला, इनव्हॉइस करा, ज्या दिवशी पेमेंट आलं त्या दिवसाचा रुपयातला भाव लिहून ठेवा, आणि ग्रुपवर वॉलेटचा स्क्रीनशॉट टाकू नका.