पेटीवरून पियानोवर आलेल्या मुलीला

प्रिय बाळ,

तुझा मेसेज मिळाला, पियानोची ग्रेड एट, म्हणजे आठवी परीक्षा, डिस्टिंक्शननं झाली, मनापासून अभिनंदन! बेळगावात टिळकवाडीतल्या घरात डिजिटल पियानोला हेडफोन लावून रात्री सराव करायचा आणि सकाळी परत कॉलेज, हे सोपं नाही. तू विचारलंयस की कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचंय तर आता कुठली कॉम्पिटिशन देऊ. रागावू नकोस पण माझं मत असं आहे की आत्ता कुठलीच नको. आधी डावा हात.

कारण तू पेटीवरून आलीस. त्यात कमीपणा काही नाही, उलट पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावातली पोरगी तू, एकदा ऐकलेली जागा लगेच धरतेस ते तिथूनच आलंय. पण पेटीत डावा हात भात्यावर अडकलेला असतो आणि सूर लहानमोठा होतो तो हवेनं. पियानोत सगळं बोटावर आहे बघ. पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते, आणि तारेवर आपटायच्या जरा आधीच हातोडी पट्टीपासून सुटते, म्हणजे शेवटचा प्रवास ती एकटीच करते, तू नंतर कितीही दाबलंस तरी सुरात फरक पडत नाही आणि लागल्या क्षणापासून तो विरायला लागतो. पेटीवर सूर धरून ठेवता येतो, इथं विरणाऱ्या सुराला पुढचा सूर असा जोडायचा की ऐकणाऱ्याला खंड जाणवू नये, आणि हे दोन्ही हातांनी, एकाच वेळी, वेगवेगळ्या वजनानं. तू वाजवून पाठवलेल्या शोपँच्या नॉक्टर्नमध्ये, त्या संथ रचनेत, उजवा हात छान गातोय पण डावा नुसता ठेका धरतोय, खालच्या बेस सुराला वजनच नाही, त्यामुळे वरची मेलडी अधांतरी वाटते. परीक्षेत हे खपून गेलं, मोठ्या हॉलमध्ये नाही खपणार.

म्हणून बाखच्या टू-पार्ट इन्व्हेन्शन्स, त्या दोन स्वरधारांच्या छोट्या रचना, परत काढ. त्या १५ आहेत, तू म्हणशील लहानपणीच झाल्या, पण तिथं डावा हात साथीला नसतो, उजव्याच्या बरोबरीनं बोलतो, आणि तुला नेमकं तेच पाहिजे. आणिक एक, हेडफोनवर आवाजाचा अंदाज कधीच येणार नाही. पणजीला कला अकादमीत वेस्टर्न म्युझिकचा विभाग आहे, तिथं चौकशी कर, जमेल तसं चोर्ल्यावरून जा, घाट बंद असला तर अनमोडवरून, पण खऱ्या तारांच्या पियानोवर हात पडलाच पाहिजे. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या चिकटतात, ट्यूनिंग उतरतं, असल्या पियानोवर वाजवायला मिळालं तरी नाही म्हणू नकोस. व्हायोलिनवाला आपलं वाद्य घेऊन फिरतो, नऊ फुटी, पाचेकशे किलोचा ग्रँड पियानो कोण घेऊन फिरणार? आयुष्यभर दुसऱ्याच्याच वाद्यावर वाजवायचं असतं, हीच या धंद्यातली मुख्य गोष्ट. 

दुखत असेल तर थांब, हे मात्र मी हात जोडून सांगतो. अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशरची १९६४ च्या सुमारास उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली, ऐन उमेदीत, आणि कितीतरी वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचनाच वाजवत होता. मनगटात कळ आली की झाकण बंद, उरलेला वेळ नुसतं नोटेशन वाचत बसायचं.

पैशाचंही बोलू या, कारण तुझे बाबा तेच विचारणार आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. नुसत्या सोलो कार्यक्रमांवर घर चालवणारे जगात फार थोडे, बाकीचे शिकवतात, गायकांना आणि व्हायोलिनवाल्यांना साथ करतात, चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत, वाजवतात. मला त्यात काही कमी वाटत नाही, साथ करणाऱ्याचा कान कसा लागतो हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. जर्मनीत बऱ्याच सरकारी म्युझिक कॉलेजात ट्यूशन फी नाही, बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे, पण खरा खर्च राहण्याचा, व्हिसासाठीच वर्षाचे जवळपास १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. प्रवेशपरीक्षेला साधारण बाखचा एक प्रेल्यूड-फ्यूग, एक क्लासिकल सोनाटा, एक एट्यूड, म्हणजे तंत्र घोटवणारी रचना, आणि एक रोमँटिक काळातली रचना लागते, कॉलेजप्रमाणे थोडं बदलतं. तयारीला दोन वर्षं धरून चल, जर्मन भाषेचा क्लास मात्र याच महिन्यात लाव.

रविवारी सकाळी ये. दुसरी इन्व्हेन्शन, सी मायनरची, नुसत्या डाव्या हातानं तयार करून आण, मेट्रोनोम ५० वर, पेडल अजिबात नको. बाबांनाही घेऊन ये, खर्चाचं त्यांच्याशी मी बोलतो.

तुझा,
सर