शेवटची कात्री कोणाच्या हातात?

मिरजेच्या एका पालकांचं पत्र आलं आहे. घरात चार पिढ्या तंबोरे आणि सतारी बनवण्याचं काम. थोरली मुलगी बारावीत, कला शाखेत. ते लिहितात:

"लहानपणापासून पोरीला सुपरहीरोंचं वेड. वह्यांची मागची पानं त्यांनीच भरलेली. दोन वर्षांपूर्वी म्हणायची, दिग्दर्शक होणार. आता म्हणते, तिथं दिग्दर्शकाचं कोणी ऐकत नाही, कंपनी सिनेमा कापते, मधेच माणूस बदलते, मग शिकून काय उपयोग? साधं बी.ए. करते आणि बँकेच्या परीक्षांना बसते. मॅडम, खरं तर आम्हाला बरं वाटायला हवं होतं. पण तिचा उतरलेला चेहरा बघवत नाही. आमच्याही धंद्यात गिऱ्हाईक म्हणेल तशी जवारी, म्हणजे तारांचा झणकार, लावून द्यावी लागते. पण भोपळा कोणता घ्यायचा ते मी ठरवतो. सिनेमात असं काही नसतं का?"

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. असतं. फक्त भोपळा निवडायचा हक्क तिथं कागदावर लिहून घ्यावा लागतो, आणि तसं लिहून देणारा समोर येईपर्यंत बरीच वर्षं काम करावं लागतं. तुमच्या लेकीला हे मधलं कोणी सांगितलेलं नाही. तिनं फक्त माणसं काढून टाकल्याच्या बातम्या वाचल्या आहेत.

त्या बातम्या खोट्या नाहीत, हे आधी कबूल करते. तिला समजवायला म्हणून 'तसं काही नसतं' असं तुम्हीही म्हणू नका. तिचा विश्वास उडेल. 'जस्टिस लीग' या सुपरहीरोंच्या चित्रपटाचंच बघा. दिग्दर्शक झॅक स्नायडर यांच्या मुलीचं निधन झालं आणि मे २०१७ मध्ये ते चित्रपटातून बाहेर पडले. पुढचं लेखन आणि रीशूट जॉस व्हीडन यांच्याकडे गेलं. चित्रपट दोन तासांच्या आत बसवायचा, असं वॉर्नर ब्रदर्सनं ठरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये तो पडद्यावर आला तेव्हा त्यातली बरीच दृश्यं, विनोद, रंगसंगती मूळ कल्पनेपासून लांब गेलेली होती. रीशूटच्या वेळी सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिल यांना दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी ठेवावी लागली होती, ती संगणकावर पुसली गेली आणि वरचा ओठ विचित्र दिसू लागला. हा प्रकार अनेकांनी हसण्यावारी नेला. मला मात्र तो ओठ बघताना घाईचं ओझं शेवटी कोणाच्या टेबलावर येऊन पडतं हेच दिसत राहतं. त्याबद्दल पुढे लिहिते. चाहत्यांनी काही वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा मार्च २०२१ मध्ये स्नायडर यांची आवृत्ती आली. लांबी २४२ मिनिटं, म्हणजे पहिलीच्या दुप्पट. माझ्या मते ती संथ आहे, पण एका माणसाच्या डोक्यातून आलेली आहे हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं.

त्याहून कठोर गोष्ट 'बॅटगर्ल'ची. चित्रीकरण झालं होतं, सुमारे ९ कोटी डॉलर खर्च झाले होते. कंपनीची मालकी बदलली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या व्यवस्थापनानं तो प्रदर्शितच करायचा नाही असं जाहीर केलं. दोन्ही दिग्दर्शकांना ही बातमी निर्णय झाल्यावर कळली. तुम्ही सहा महिने खपून तंबोरा करावा आणि मालकानं तो हिशेबाच्या सोयीसाठी कुलपात टाकावा, तसं हे झालं. मुलीला राग येतो तो रास्तच आहे.

आता मुलीशीच बोलते. बाळ, एक उदाहरण तू वाचलं असशील, पण अर्धंच. दिग्दर्शक एडगर राइट 'अँट-मॅन'वर २००६ पासून काम करत होते. मार्व्हल स्टुडिओचा पहिला 'आयर्न मॅन' यायच्याही दोन वर्षं आधीपासून. तेव्हा 'अँट-मॅन' हा एकटा, स्वतंत्र चित्रपट होता. पुढच्या आठ वर्षांत मार्व्हलचं घर मोठं झालं, सगळे चित्रपट एकमेकांत गुंफले गेले, आणि पटकथा राइट यांच्या हाताबाहेर नव्यानं लिहिली जाऊ लागली. मे २०१४ मध्ये ते बाहेर पडले. नंतर त्यांनी सांगितलं की, त्यांना मार्व्हलचा चित्रपट करायचा होता, पण मार्व्हलला एडगर राइटचा चित्रपट नको होता. हे वाक्य नीट वाच. यात कोणी खलनायक नाही. २००८ ते २०१९ या काळात २३ चित्रपटांची एक सलग गोष्ट सांगायची, तर प्रत्येक दिग्दर्शकाला आपापली दिशा घेऊ देता येत नाही. आपल्याला कशासाठी बोलावलं आहे हे राइट यांना उशिरा कळलं. दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने यांनी २०१५ मध्ये 'ब्लॅक पँथर'ची विचारणा झाल्यावर बोलणी केली, गोष्टीबद्दल एकमत होत नाही हे ओळखलं आणि काम स्वीकारण्याआधीच नकार दिला. हे ओळखणं हेसुद्धा शिकायचं कौशल्य आहे. कुठल्याच अभ्यासक्रमात त्याचा पेपर नसतो.

तो चित्रपट नंतर रायन कूगलर यांनी केला, आणि तुला ज्या माणसाचा प्रवास वहीत उतरवून घ्यायला सांगेन तो हाच. २०१३ मध्ये एक लहान, कमी पैशांतला चित्रपट. २०१५ मध्ये जुन्या मालिकेतला एक. २०१८ मध्ये 'ब्लॅक पँथर', स्टुडिओच्या चौकटीत राहून. आणि २०२५ च्या 'सिनर्स'साठी त्यांनी वॉर्नर ब्रदर्सकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या. शेवटची कात्री, म्हणजे अंतिम संकलनाचा निर्णय, आपली, पहिल्या डॉलरपासून उत्पन्नात वाटा, आणि २५ वर्षांनी चित्रपटाची मालकी परत आपल्याकडे. ज्या कंपनीनं 'जस्टिस लीग' कापला, तीच ही कंपनी. ती काही एकाएकी उदार झाली नव्हती. समोरच्या माणसानं तेवढी पत कमावली होती आणि काय मागायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. क्रिस्टोफर नोलन यांनीही बॅटमॅन हातात घेण्याआधी पहिला चित्रपट साधारण ६ हजार डॉलरमध्ये, मित्रांना घेऊन, दर शनिवारी चित्रीकरण करून पूर्ण केला होता. पैसा मोठा असतो तिथं आपला शब्द लहान असतो. म्हणून सुरुवात अशा ठिकाणी करायची जिथं पैसा जवळजवळ नसतोच.

ही अडचण हॉलिवूडनं शोधून काढलेली नाही, आपल्या गावानं ती आधी पाहिली आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून, त्यांच्याच आश्रयानं. १८५१ मध्ये महाराज गेले आणि तो आश्रय तुटला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. सांगलीच्या नाट्यगृहावर भाव्यांचं नाव आपण रोज वाचतो, पण पैसे देणारा बदलला तेव्हा त्या माणसानं काय केलं हे मुलांना कोणी सांगत नाही. याचं मला वाईट वाटतं.

कायद्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पालकांना हे माहीत नसतं आणि सिनेमा शिकणाऱ्या मुलांनाही फार उशिरा कळतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणून निर्माता धरला आहे. दिग्दर्शक नाही. पटकथा मात्र वेगळी साहित्यकृती ठरते आणि तिचा कर्ता लेखक असतो. सत्यजित राय यांच्या १९६६ च्या 'नायक'वरून असाच वाद झाला. पटकथेवरून कादंबरी काढली तेव्हा निर्मात्याच्या बाजूनं आक्षेप घेतला गेला. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पटकथेचा हक्क राय यांचाच मानला. याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये कर्त्याला आणखी एक अधिकार आहे. हक्क विकून टाकले तरी कृतीची मोडतोड करून आपल्या नावलौकिकाला धक्का लावला जात असेल, तर तो हरकत घेऊ शकतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी लिहिलेल्या साहित्य आणि संगीतावरचा मानधनाचा वाटा लेखक-संगीतकारांना सहजी सोडून देता येत नाही.

म्हणजे जिला आपल्या कल्पनेवर हक्क हवा आहे, तिनं दिग्दर्शनाच्या आधी लिहायला शिकावं. स्वतःची नायिका, तिचं गाव, तिची शक्ती कुठून आली, हे सगळं पटकथेत उतरवून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवावं. सभासद झाल्यावर ते ऑनलाइन करता येतं.

दिग्दर्शकाची बाजू आपल्याकडे किती उघडी आहे, ते १ ऑगस्ट २०२५ रोजी दिसलं. २०१३ च्या 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली, आणि हक्क असलेल्या कंपनीनं कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून शेवट बदलला होता. मरणारा नायक जिवंत केला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष, दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. तरी चित्रपट लागलाच. अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेनं निदान एवढं मिळवलं आहे की, मोठ्या चित्रपटाचं पहिलं संकलन दिग्दर्शक स्वतः करतो, त्यासाठी साधारण दहा आठवडे मिळतात, आणि तोवर निर्मात्यानं कात्री लावायची नाही. त्यानंतर काय होईल ते ज्याच्या त्याच्या करारावर. आपल्याकडे ते दहा आठवडेही प्रत्येकाला स्वतःच लिहून घ्यावे लागतात.

आता त्या ओठाकडे परत येते. सांगली-मिरजेतून सुपरहीरोंच्या वेडानं निघालेले माझे बरेच विद्यार्थी दिग्दर्शनात जात नाहीत, व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवण्याच्या, सहा महिन्यांच्या क्लासला जातात. एक विद्यार्थी मुंबईत रोटोचं काम करायचा, म्हणजे एकेक चौकट घेऊन माणसाची बाह्यरेषा कापून काढायची. तीन आठवडे रात्रपाळी करून त्यानं एक मारामारी पूर्ण केली. वरून निरोप आला, दृश्य बदललं आहे, पुन्हा करा. कोणी बदललं, का बदललं, हे त्याला कधीच कळलं नाही. स्टुडिओ आणि दिग्दर्शकाच्या भांडणात सगळ्यात जास्त झिजतो तो हा मुलगा, आणि त्याच्याबद्दल कोणी मोहीम काढत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या सेटवरच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमतानं संघटनेच्या बाजूनं मत दिलं, त्यामागे हेच शेवटच्या क्षणाचे बदल आणि लांबलेले तास होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्सची जुनी कंपनी कोसळली तेव्हा बंगळूर आणि मुंबईतल्या हजारो मुलांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून दादा, कोणी फी घेऊन 'मार्व्हलमध्ये काम' असं सांगत असेल, तर त्या क्लासच्या दारातून परत या. रोटो वाईट काम नाही. पण सिनेमा शिकायला मिळेल या आशेनं तिथं जाऊ नये.

मार्ग थोडक्यात सांगते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षण संस्थेत दिग्दर्शन, पटकथा, संकलन या अभ्यासक्रमांना पदवी लागते. त्यामुळे तिनं म्हटलेलं 'साधं बी.ए.' वाया जात नाही. उलट इथंच सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजमध्ये साहित्य घेऊन करावं आणि एकांकिका स्पर्धांत उतरावं. एकांकिकेत तिला आठ-दहा माणसांचं म्हणणं ऐकून घेऊन निर्णय स्वतः घ्यायची सवय लागेल. चित्रकला तिची खरंच चांगली असेल, तर बारावीनंतर लगेच आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातली पदवी आहे. त्यासाठीची यूसीड ही प्रवेश परीक्षा जानेवारीत असते, कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते, पण अर्ज साधारण ऑक्टोबरमध्येच भरले जातात. ती तारीख चुकवू नका. पुढे विशेष शिक्षण घ्यायचं झालं तर मी दिग्दर्शनापेक्षा संकलन सुचवेन. कात्री कोणाच्या हातात, हा तिचा प्रश्न आहे ना? मग आधी ती कात्री चालवता यायला हवी. संकलकाला काम लवकर मिळतं, आणि स्टुडिओनं सुचवलेला बदल मूर्खपणाचा आहे की आपल्याला न दिसलेली चूक दाखवणारा आहे, हे तिथंच बसून कळतं. बाहेरून आलेली प्रत्येक सूचना ढवळाढवळ नसते. तुमच्याकडे एखादा गवय्या तासभर बसून 'अजून जरा उघडा' म्हणत असतो, तेव्हा कधी त्याचाच कान बरोबर असतो, हे तुम्ही तिला माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल.

बँकेच्या परीक्षांचं आता ठरवू नका. ते दार पदवीनंतरही उघडं असेल.

दिवाळीच्या सुट्टीत एक काम करा, तुम्ही दोघांनी मिळून. तिला तुमच्या जवारीच्या कामावर पाच मिनिटांचा चित्रपट करू दे. मोबाइलवर, तिला हवा तसा, तिनंच कापलेला. तुम्ही मधे एक शब्द बोलू नका. तो पूर्ण झाला की तुम्ही निर्माते. मग हट्ट धरा: दोन मिनिटांच्या आत हवा, आणि गिऱ्हाइकाला तंबोरा विकत घ्यावासा वाटला पाहिजे. तिला रडू येईल, भांडेल, एखादं आवडतं दृश्य वाचवायला तुमच्याशी घासाघीस करेल. करू द्या. कुठं तुम्ही मागे हटलात आणि कुठं ती, हे एका कागदावर दोघांच्या सहीनं लिहून ठेवा.

मग दोन्ही आवृत्त्या आणि तो कागद घेऊन एखाद्या रविवारी सकाळी विश्रामबागला माझ्याकडे या. मला दोन्ही बघायच्या आहेत.